फुस्स करणारा आणि गप्प बसणारा

"फाटलाय," बॉनेटखालून ट्रॅव्हिसचा आवाज आला. "आतला रबरी पडदाच गेलाय. आर्लीन, तुमचा व्हॉल्व्ह वारला."

आर्लीन कुचेराने त्याच्या हातातला तो मुठीएवढा काळा प्लास्टिकचा डबा घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि भोकात बोट घालून पाहिलं. पडदा खरंच फाटला होता. रविवारी वर्षातली शेवटची शर्यत, आणि गुरुवारी संध्याकाळी हे! तिने अशी एक शिवी हासडली की ती शाळेच्या स्वयंपाकघरात कोणी ऐकली असती, तर सत्तावीस वर्षांची नोकरी तिथल्या तिथे गेली असती.

"आणि 'तुमचा' काय रे? गाडी अर्धी तुझी आहे ना?"

"चालते तेव्हा अर्धी माझी. बिघडते तेव्हा अख्खी तुमची," जावई म्हणाला.

ती निळी, चार दारांची, चौदा वर्षांची जपानी टर्बो गाडी सासू-जावयाने मिळून घेतली होती. टायर सासूचे, दुरुस्ती जावयाची आणि भांडणं निम्मी निम्मी. डेना, म्हणजे आर्लीनची मुलगी आणि ट्रॅव्हिसची बायको, या भानगडीत पडत नसे. "माझ्या नवऱ्याचं माझ्यापेक्षा माझ्या आईशी जास्त जमतं, हे मी बाहेर कोणत्या तोंडाने सांगू?" असं ती म्हणायची, आणि गॅरेजचं दार बाहेरून ओढून घ्यायची.

"बरं, नवा आण," आर्लीन म्हणाली.

ट्रॅव्हिस बॉनेटखालून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू होतं. "आता नवा आणायचाच आहे तर..."

"नाही."

"अहो, मी अजून बोललोच नाही!"

"तू फुस्सवाला म्हणणार. जुलैपासून तेच दळण दळतोयस. नाही म्हणजे नाही."

आता गोष्ट एवढीच आहे, की टर्बो गाडीत इंजिनात हवा ठासून भरतात. भरधाव जाताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती ठासलेली हवा मधेच अडकते, आणि तिला कुठूनतरी वाट करून द्यावी लागते. बायपास व्हॉल्व्ह ती गुपचूप मागे वळवतो आणि परत आत पाठवतो, शेजाऱ्यालासुद्धा कळत नाही. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ती सरळ बाहेर सोडतो, आणि सोडताना असा फुस्स आवाज करतो की चार शेतं पलीकडचा माणूस मक्यातून मान वर काढतो. त्या एका आवाजापायी पंचविशीतली पोरं घरातलं काय काय विकून बसली आहेत. ट्रॅव्हिस ओस्टमन चाळिशीचा होता, पण या बाबतीत पंचविशीतच अडकून पडला होता.

"धातूचा असतो हो," तो कळवळून म्हणाला. "फाटत नाही, चिरत नाही. आणि दिसतो कसा! एकदा ऐका तरी."

"ऐकायचं असेल तर तुझ्या मामाला जेवायला बोलावते," आर्लीन म्हणाली. "हे बघ, माझ्याकडे सकाळी आठला हजेरी येते. चारशे पोरं. मी चारशे पोरांचं रांधते. अकराला त्यातली चाळीस पोरं मागच्या दाराने सटकली, तर उरलेलं मी कुणाच्या डोक्यावर ओतू? आपल्या गाडीचं तसंच आहे. तिचा कॉम्प्युटर हवा दारातच मोजतो आणि तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. तुझा फुस्सवाला मोजलेली हवा बाहेर घालवणार. पेट्रोल उरणार, इंजिनाला ठसका लागणार, आणि ऐन वळणावर गाडी मान टाकणार. बायपास आण. अगदी कंपनीचा होता तसाच."

"हे तुम्ही मला शिकवताय? मी मेकॅनिक आहे!"

"म्हणून तर शिकवतेय. शहाण्या माणसाला एवढं सांगावं लागलं नसतं."

ठसक्याचं एक वेळ चाललं असतं. खरी गोम नियमात होती. त्यांची गाडी क्लबच्या साध्या गटात पळायची, आणि साध्या गटाचा नियम म्हणजे कंपनीने जो भाग दिला, तोच किंवा हुबेहूब तसाच. फुस्स करणारा व्हॉल्व्ह लावला की गाडी उचलून सुधारित गटात. तिथे काय एकेक राक्षस पळायचे! आणि वर्षभराचे गुण पाण्यात.

यंदाचे गुण आर्लीनला पाण्यात घालवायचे नव्हते. नऊ वर्षं ती क्लबात होती. वर्षाच्या शेवटी प्रत्येक गटातल्या पहिल्याचं नाव वेळ मोजणाऱ्यांच्या पांढऱ्या ट्रेलरच्या दारावर काळ्या रंगाने लिहितात. चषक नाही, पाकीट नाही, नुसतं नाव. त्या दारावर तिच्या नवऱ्याचं, लेनर्ड कुचेराचं नाव तीन वेळा होतं, एकाखाली एक, तीन वर्षं लागोपाठ. लेनर्डला जाऊन सहा वर्षं झाली होती. माणूस चांगला होता, नाचायचा छान, पण गाडीचा विषय निघाला की त्याच्याइतका कुजकट माणूस जिल्ह्यात सापडला नसता. "आर्लीन गाडी कशी चालवते माहितीये?" तो चारचौघांत म्हणायचा. "मांडीवर गरम रस्सा घेऊन चर्चला निघाल्यासारखी! राणी, तू आपले कोन उचल." सगळे हसायचे. तीही हसायची, आणि उन्हात जाऊन लोकांनी पाडलेले, वळणं आखायचे नारिंगी कोन उचलायची. तो होता तोवर तिने स्पर्धेत गाडी घातली नाही. तो गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात घातली. तिला त्या दारावर त्याच्या नावाजवळ आपलं नाव हवं होतं, आणि जमलं तर जरा मोठ्या अक्षरात.

यंदा ते एका शर्यतीवर येऊन ठेपलं होतं. ती आणि ग्लेन हॉफशायर, दोघांचे गुण सारखे. रविवारी जो पुढे, त्याचं नाव दारावर. ग्लेन हा दातांचा निवृत्त डॉक्टर. क्लबची नियमांची वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो गळ्यात अडकवायचा, आणि दुसऱ्याच्या गाडीकडे किडक्या दाढेकडे बघावं तसा बघायचा.

शनिवारी दुपारी ट्रॅव्हिसचा फोन आला. सगळं नेब्रास्का राज्य फुटबॉलच्या सामन्याला चिकटलेलं, मागे डेनाच्या घरात आरडाओरडा चाललेला. आर्लीन क्लबसाठी दालचिनीचे रोल वळत होती, हात कोपरापर्यंत कणकेत, फोन खांद्याला दाबलेला.

"बसवला," ट्रॅव्हिस म्हणाला. "पळतेय गाडी."

"बायपास ना?"

"हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय हो! उद्या गाडी मीच घेऊन येतो, तुम्ही टायर आणा!"

आवाज काही तुटत नव्हता. हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं, पण ओव्हनची घंटा झाली आणि ते राहून गेलं.

रविवारी सकाळी जुन्या लष्करी विमानतळाच्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून झाले होते. एका वेळी एक गाडी, प्रत्येकाला तीन फेऱ्या, सगळ्यांत चांगली धरायची. कोन पाडला की दोन सेकंद दंड. दोघांची एक गाडी असली की एकाने उतरायचं, दाराला चिकटवलेला चुंबकाचा आकडा बदलायचा, आणि दुसऱ्याने बसायचं. पहिला ट्रॅव्हिस गेला.

तो असा काही गेला, की पेग झेलेनी ट्रेलरच्या खिडकीतून बाहेर डोकावली. पेग वीस वर्षं वेळ मोजत होती. "त्याला बरं नाहीये का गं?" तिने विचारलं. ट्रॅव्हिस गाडीत अंड्यांची करंडी ठेवल्यासारखा चालला होता. वेग नाही, दणका नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय केसाकेसाने उचलत होता. एकसष्ट सेकंद! एरवी पंचावन्नात यायचा.

"पोट बिघडलंय," तो उतरून म्हणाला, आणि आकडा बदलून घाईघाईने बाजूला झाला.

आर्लीन बसली, पट्टा आवळला, आणि हिरवा झेंडा पडताच सुटली. पहिल्या सरळ पट्ट्यावर गाडी झकास तापली. वळण आलं, तिने पाय उचलला.

फुस्स्स्स!

तिला आधी वाटलं टायर फुटला. पुढच्या वळणाला परत फुस्स! कोन उचलणारी पोरं आनंदाने ओरडली. शेवटच्या घट्ट वळणावर तिने हँडब्रेक ओढला, आणि तिथे इंजिनाला अस्सल ठसका लागला. मागून काळा धूर, एक फटाका, आणि क्षणभर गाडी मेल्यासारखी गप्प झाली. आर्लीनने क्लच दाबून, पाय आपटून, लेनर्डच्या आईपासून सुरुवात करून सगळ्यांचा उद्धार करत ती परत जागी केली. चोपन्न सेकंद आणि आठ दशांश. ग्लेनचे चोपन्न पाच होते.

परत आल्यावर तिने आधी बॉनेट उघडलं. आत प्लास्टिकच्या काळ्या डब्याच्या जागी एक चकचकीत जांभळा धातूचा भोंगा बसला होता.

"हे काय आहे?"

"ऐका तर," ट्रॅव्हिस म्हणाला. "शपथेवर सांगतो, शोरूमवाल्याने बायपास मंगळवारी येईल म्हणून सांगितलं. मंगळवारी! शर्यत आज. गाडी पळवायची तर काहीतरी लावायला हवं होतं ना? आणि हा तळघरात पडूनच होता."

"कधीपासून?"

"नाताळच्या सजावटीच्या मागे."

"कधीपासून, ट्रॅव्हिस?"

"...जुलैपासून."

"मला फोनवर सांगायला काय झालं होतं? तोंडात बोळा होता?"

"तुम्ही पळालाच नसतात! मला वाटलं, हळूच चालवलं तर आवाज नाही होणार."

"हळूच चालवलं तर! शर्यतीत! अरे, कप्पाळ माझं! साठ सेकंदांत तू माझं वर्ष घालवलंस." राग तर होताच, पण रडूही येत होतं, आणि जावयासमोर रडायचा तिचा मुळीच विचार नव्हता. ट्रॅव्हिस मान खाली घालून उभा राहिला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचा तिला अजूनच राग आला.

तेवढ्यात गळ्यात वही लटकवून ग्लेन आला. शर्यत संपल्यावर अर्ध्या तासात कोणीही स्पर्धक लेखी तक्रार करू शकतो. याने नुसती सही केली की काम तमाम.

ग्लेनने वाकून तो जांभळा भोंगा पाहिला. "छान आहे," तो म्हणाला. "घाबरू नकोस आर्लीन. मी तक्रार करणार नाही."

"का?"

"मला तुला गाडी चालवून हरवायचंय, कागद भरून नाही. फक्त याचं तोंड बंद कर, नाहीतर दुसरा कोणीतरी तक्रार करेल. एक मोजा चढव आणि वरून पट्टी आवळ. जाड लोकरीचा असला तर उत्तम, आवाज पार मरतो. लेनर्ड नाही का, तीन वर्षं तेच करायचा."

आर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. "कोण काय करायचा?"

ग्लेनच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "तुला माहीत नव्हतं?"

"कोणती तीन वर्षं, ग्लेन?"

त्याने ट्रेलरच्या दाराकडे नुसतं पाहिलं. पुरे झालं.

मग तिच्या डोक्यात एकदम दिवा पेटला. दर नाताळला ती लेनर्डला करड्या लोकरीचे मोजे विणून द्यायची, आणि दर वसंतात त्या जोडीतला एक नाहीसा व्हायचा. "कपडे वाळवताना ड्रायर खातो गं," तो म्हणायचा. त्या मोज्यांपायी तिने तीनदा कारागीर बोलावून ड्रायर उघडवला होता! तिसऱ्यांदा तो कारागीर तिच्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसा बघून गेला होता, आणि लेनर्ड तेव्हा मागे उभा राहून त्याला कॉफी हवी का विचारत होता.

"आणि तू गप्प बसलास?" ती ग्लेनवर उलटली. "तीनही वर्षं दुसरा कोण होता? तूच ना?"

"मीच."

"मग?"

"तो माझा मित्र होता," ग्लेन म्हणाला. मग खरं ते बोलून मोकळा झाला. "आणि तक्रार केली असती तर तुझे रोल बंद झाले असते."

आर्लीनला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. मेला, लबाड, गोड बोलून गळा कापणारा! चारचौघांत तिला रस्सा आणि चर्च ऐकवत होता, आणि स्वतः तिनेच विणलेला मोजा बॉनेटखाली घालून दारावर नाव चढवत होता. तिला तो या क्षणी समोर हवा होता. आधी थोबाडीत मारायला, आणि मग, खरं सांगायचं तर, नुसताच.

ट्रॅव्हिसने तोवर एका पायातला बूट काढला होता. "माझा घ्या," तो म्हणाला. "सकाळीच धुतलेला घातलाय. दोन फेऱ्या आहेत अजून. तीन दशांश तुम्ही डोळे मिटून काढाल."

मोजा त्याच्या हातात लोंबत होता. काढले असते, हे तिलाही माहीत होतं. संध्याकाळी पेगने रंगाचा डबा उघडून नाव लिहिलं असतं, लेनर्डच्या शेजारी, मोठ्या अक्षरात. आणि हुबेहूब लेनर्डसारखं.

"घाल तो पायात," ती म्हणाली. "वास येतोय."

ती तडक ट्रेलरकडे गेली. "पेग, आमची गाडी सुधारित गटात टाक. माझी आणि त्याची, दोघांची."

पेगने चष्म्यावरून पाहिलं. "गुण जातील तुझे सगळे."

"माहितीये."

"दारावरचं नावही जाईल."

"पेग, मी नऊ वर्षं इथे आहे. नियम मला नको सांगूस, अक्षरं दे."

पेगने सुधारित गटाची चुंबकाची अक्षरं काढून दिली. आर्लीनने ती गाडीच्या दारावर थापली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या फेरीला एक कोन गेला. तिसऱ्या फेरीला तिला कसलीच पर्वा उरली नव्हती. प्रत्येक वळणाला फुस्स, प्रत्येक फुस्सला पोरांचा जल्लोष. ठसका कुठे लागतो ते आता कळलं होतं, म्हणून तिथे पाय पुरता न उचलता डाव्या पायाने ब्रेक दाबत ती त्या घट्ट वळणातून अशी काही घसरत निघाली की ट्रॅव्हिस एका बुटावर उड्या मारत ओरडायला लागला. चोपन्न सेकंद आणि दोन दशांश.

ग्लेनने शेवटच्या फेरीत जीव तोडला आणि त्याचे चोपन्न चार झाले. साध्या गटाचं वर्ष त्याने जिंकलं. सुधारित गटात आर्लीन सहांत पाचवी आली. सहावा ट्रॅव्हिस.

कोन गोळा करून झाल्यावर सगळे रोल खात ट्रेलरपाशी जमले. पेगने काळ्या रंगाचा डबा उघडला. आर्लीन पुढे आली.

"आधी मला तक्रारीचा कागद दे."

"कुणाविरुद्ध?"

"लेनर्ड कुचेरा."

ट्रॅव्हिसच्या घशात रोल अडकला.

"अगं, मुदत संपून सात वर्षं झाली," पेग म्हणाली. "आणि या कागदावर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याची सही लागते. ती कुठून आणू?"

"मला नको हं ती वर्षं," ग्लेन घाईघाईने म्हणाला. "आर्लीन, खरंच नको."

"तुला कोण देतंय?" तिने पेगच्या हातातला कुंचला काढून घेतला, दारापाशी गेली आणि चष्मा नाकावर ओढला. नवऱ्याच्या पहिल्या नावापुढे तिने नीट, बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला. मग दुसऱ्यापुढे लिहिला. मग तिसऱ्यापुढे. रंग ओघळू नये म्हणून खाली बोट धरलं होतं.

लेनर्ड कुचेरा, मोज्यासकट.

कुणीतरी खुसखुसलं, मग सगळा जमाव हसत सुटला. ग्लेन सर्वांत जास्त हसला. आर्लीनने त्याचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, व्यवस्थित, आणि कुंचला पेगला परत दिला.

घरी जाताना गाडी ती चालवत होती. ट्रॅव्हिस शेजारी बसला होता. मक्याच्या शेतांमधून वीस मैल गेल्यावर त्याने घसा खाकरला.

"मंगळवारी बायपास येतोय," तो म्हणाला. "तरी विचारतो. आज लोकांना तुमचा आवाज जाम आवडला. हाच ठेवूया का?"

"बायपास लाव."

"पण मजा तर आली ना?"

"खूप आली. आयुष्यात आली नव्हती इतकी." समोरच्या ट्रकमागे तिने पाय उचलला आणि गाडी फुसफुसली. "पण पुढच्या वर्षी त्या दारावर माझं नाव लागणार आहे, ट्रॅव्हिस. आणि त्याच्यापुढे मला काहीही लिहिलेलं नकोय."